महादेवची मिशी
"मिशी काढ, मग सही करते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रजेचा अर्ज टेबलावर पालथा घातला.

महादेव उभाच राहिला. बहारीनमधल्या मनामा शहरातल्या या इंग्रज कंपनीच्या गेस्ट हाउसात बेअरा म्हणून त्याची नऊ वर्षं गेली होती. तेवढ्यात गेस्ट हाउस सांभाळणाऱ्या तीन मॅडम झाल्या. पहिलीला तो एखाद्या संस्थानातला मानकरी वाटायचा, दुसरीला गरीब बिचारा. आता या तिसऱ्या मॅडमना तो डाकू वाटत होता. महादेव आपला होता तसाच होता. गुरुवारी लंडनहून पाहुणे यायचे होते आणि त्यांनी अशा मिशीवाल्याच्या हातचं सूप घ्यावं, हे मॅडमना पटत नव्हतं.

खिशात भावाचं पत्र होतं. बाबांनी अंथरूण धरलंय, तुझं नाव घेतायत, असशील तसा नीघ.

"मॅडम, आमच्यात बाप गेला की मिशी काढतात," त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. "माझा बाप आहे अजून."

मॅडम हसल्या. "काय एकेक गोड समजुती असतात तुमच्या," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकी दाजी त्याच्याच गुहागरकडचा. तो म्हणाला, "अरे, केसच ते. तुला बापाला भेटायचंय की मिशीला?"

"बाप डोळे उघडून बघेल तेव्हा काय दिसेल त्याला, दाजी?"

महादेवने दोन दिवसांत तीनदा वस्तरा हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला. पाय ओढत तो काम करत राहिला. त्याला सगळ्याचाच कंटाळा आला होता.

गुरुवारी दुपारी तो मॅडमसमोर आला. अंगावर इस्त्रीचा युनिफॉर्म, डोक्याला मॅडमनीच आणलेला पांढरा फेटा. ओठावर मिशी नव्हती.

मॅडम खुलल्या. "बघ, किती सभ्य दिसतोस. थोडा वेळ दिला की तुम्हा लोकांना बरोबर समजतं." त्यांनी झटक्यात सही केली आणि अर्ज पुढे केला.

महादेवने तो घेतला नाही. त्याने फेटा उतरवून टेबलावर ठेवला. डोक्यावर एक केस नव्हता.

"हे काय? मी फक्त मिशी काढायला सांगितली होती."

"सकाळी तार आली, मॅडम," महादेव म्हणाला. "आता घाई नाही."