एक दिवस माझा हीटर, एक दिवस तुमचा

उत्तर स्कॉटलंडातल्या विक गावी एफी आणि समोरच्या दारातले मर्डो, दोघंही हीटरच्या जुन्या, महागड्या वीजदरात पंधरा वर्षं अडकलेले. त्यांचे ते जुनाट मीटर पाहिले की दुसरी कुठलीही कंपनी हात जोडायची. शेवटी दोघांनी तोड काढली: एक दिवस एफीचा हीटर लावायचा, एक दिवस मर्डोंचा, आणि संध्याकाळ दोघांनी मिळून उबेच्या घरी काढायची.

सोमवारी एफीला कंपनीचं पत्र आलं. एक फोन करा, स्वस्त दर घ्या, बिल निम्म्यावर येईल. तिने ते ओटकेक बिस्किटांच्या डब्याखाली सरकवलं.

"काय एफीबाई, कंपनीला काही दया?" मर्डोंनी आत येतायेता विचारलं.

"कसली दया! आपण मेल्यावर मीटर बदलतील मेले. तुम्हाला काही आलं?"

"छे! लुटारू आहेत लेकाचे."

तिने त्यांचा कोट खुंटीला अडकवला. आतल्या खिशातून तसंच एक पाकीट डोकावत होतं, फोडलेलं.


त्यावरची तारीख मागच्या हिवाळ्यातली होती.