बाबांचं घोरणं

नवा नवा परदेशी गेला, तेव्हा धाकट्याला घरच्या आठवणीने झोप येईना. शेवटी आईने बाबांचं दुपारचं घोरणं, मधल्या आपल्या 'अहो, कुशीवर वळा'सकट, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. ते कानात घालून पठ्ठ्या कितीतरी वर्षं ढाराढूर झोपला.

बारा वर्षांनी, यंदा, तो पहिल्यांदाच महिनाभर राहायला आला. चार दिवस नुसता तळमळला. पाचव्या दुपारी मात्र, शेजारी बाबा साग्रसंगीत घोरत असताना, हा कानात इयरफोन खुपसून गाढ झोपलेला. आईने हळूच एक काढून आपल्या कानाला लावला.

"ही कसली रे घरघर?"



"आमचा तिकडचा फ्रिज आहे गं," तो डोळे न उघडताच लाजला. "तुझ्या सुनेने रेकॉर्ड करून पाठवलाय."