दहापैकी नऊ

पहिल्या भेटीत काय बोलावं, हे मृदुला लग्नाळू मंडळींना शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या साठ-सत्तर जणांची लग्नं जुळली. तिचं स्वतःचं मात्र चाळिशी उलटली तरी कुठे जमलं नव्हतं. खांबेटे हे तिचे सर्वांत कच्चे विद्यार्थी. सरावाला मृदुलाच त्यांच्यासमोर मुलगी होऊन बसायची आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मार्क द्यायची.

त्या गुरुवारी चहा पार निवून गेला तरी खांबेटे कप फिरवत बसले होते. मग खाली बघतच म्हणाले, "तुमच्यासमोर बसलं ना, की घरी जाऊच नये असं वाटतं."

मृदुलाने मार्कांची पेन्सिल खाली ठेवली. पण सवय वाईट. "वा! दहापैकी नऊ," ती म्हणाली. "नजर खाली होती म्हणून एक मार्क कापला. रविवारी साताऱ्याच्या स्थळाला हेच सांगा, पण डोळ्यांत बघून."

खांबेट्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी ते निमूटपणे वहीत लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी ते लग्नाची पत्रिका घेऊन आले. "तुम्ही सांगितलंत तसंच बोललो," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "मॅडम, त्या दिवशी ते वाक्य मी पाठ करून आलो नव्हतो हं."

"अभिनंदन," मृदुला पत्रिकेच्या कोपऱ्यातल्या कुंकवाकडे बघत म्हणाली. नजर काही वर होईना. बोलताना डोळ्यांत बघायचं असतं, हे शिकवणारी तीच.