थुंकलेला घोट

थोरल्याने पायानेच बादली ढकलली आणि धाकटीच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवली.

"बाबांना वाकायला नको," तो म्हणाला.

तळघरात गारवा होता, तरी धाकटीचे कान तापले होते. दरवर्षी हाच तमाशा. मुरलेल्या बाटल्या बाहेर काढायच्या आणि बाबांनी दोघांच्या चाखायच्या. थोरल्याच्या वाइनचा घोट ते निवांत गिळत. तिचा तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि पचकन बादलीत थुंकत. मग ओठ पुसून म्हणत, ठेवून द्या. कारण विचारलं की खोकला येई.

मळा एकच, द्राक्ष एकच. फ्रान्समधल्या बर्गंडीची लाल वाइन करायची जुनी रीत आजोबांनी या घरात आणली, आणि ती आता एकटी धाकटी पाळत होती. घड देठांसकट लाकडी पिंपात टाकायचे, अनवाणी उतरून तुडवायचे, आपोआप फसफसू द्यायचे आणि वाइन न गाळता बाटल्या भरायच्या. तुडवणीच्या दिवसांत तिच्या टाचा जांभळ्या होत. दुकानात नवी चप्पल पायात घालून बघायचीही तिला लाज वाटे.

थोरल्याकडे मशीन होतं. एक बटण दाबलं की देठ बाजूला, दुसरं दाबलं की वाइन काचेसारखी स्वच्छ. आणि हा बाबांचा लाडका. का, तर मुलगा. टाचा हिने रंगवायच्या आणि शाबासकी त्याने खिशात घालायची.

बाटल्या ठेवण्यातही तेच. थोरल्याच्या दाराशी, हात घातला की मिळतील अशा. तिच्या पार शेवटच्या भिंतीला, जिथे बल्बसुद्धा नव्हता. माझ्या पुढे का नाहीत, असं तिने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, तिथेच बऱ्या आहेत, माझ्या नजरेसमोर नकोत. त्या रात्री ती जेवली नव्हती.

आज मात्र प्रश्न नुसत्या घोटाचा नव्हता. बाबांच्या गुडघ्यांना तळघराच्या पायऱ्या झेपेनाशा झाल्या होत्या. ज्याची वाइन सरस त्याला तळघराची किल्ली, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. किल्ली ज्याच्या हातात, शब्द त्याचा. आणि किल्ली मिळाली की पहिलं ते लाकडी पिंप फोडून त्याचं सरपण करणार, हे थोरल्याने आधीच जाहीर केलं होतं.

बाबा स्टुलावर टेकले. एके काळी ते याच फरशीवर पिऊन पडलेले सापडत. शेवटच्या आजारात आईने त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की चाखण्यापुरता एक घोट, त्यापुढे थेंब नाही. तो शब्द त्यांनी पाळला होता. म्हणूनच तो एक घोट कुणाचा, याला या घरात मोल होतं.

बाटल्यांना लेबलं नव्हती. थोरल्याच्या बाटलीवर खडूची फुली, तिच्या बाटलीवर खडूचा गोल. धूळ पुसायचं काम अर्थातच धाकटीचं. सकाळी पुसता पुसता तिने खुणाही पुसल्या आणि उलट काढल्या. आता गोलाच्या बाटलीत थोरल्याची वाइन होती आणि फुलीच्या बाटलीत तिची.

बाबा जिभेने चाखत नाहीत, नावाने चाखतात, याची तिला खात्री होती. गोल दिसला की ते थुंकणार. मग ती सांगणार होती, थुंकलात ती तुमच्या लाडक्याची. वाक्य तिने पाठ करून ठेवलं होतं.

गाळ हलू नये म्हणून तिने हलक्या हाताने पेल्यांत ओतलं. आधी गोलाची बाटली.

"ठिणगीची ना ही?" बाबांनी विचारलं. लहानपणापासून ते तिला ठिणगीच म्हणत.

थोरल्याने खडूच्या गोलाकडे बोट दाखवलं आणि बादली आणखी जवळ लोटली.

बाबांनी घोट घेतला, घोळवला. आणि गिळला.

धाकटीचं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पोरीचं काही बिनसलंय का, असं. मग फुलीचा पेला उचलला. नाकाशी नेला आणि थांबले. घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ गाल हलत राहिले.

मग त्यांनी बादलीसाठी हात लांब केला. थोरल्याला ती गोलाच्या बाटलीपासून फुलीच्या बाटलीकडे आणावी लागली. बाबा थुंकले.

थोरला पांढराफटक पडला. धाकटी त्याहून.

म्हणजे नावाचा प्रश्न नव्हताच. फुली काढा नाहीतर गोल, तिची वाइन बाबांच्या घशाखाली उतरतच नव्हती. ज्या रागावर ती इतकी वर्षं उभी होती, तो रागसुद्धा तिचा राहिला नाही. खुणा बदलल्याचं आता कुठल्या तोंडाने सांगायचं? वर दादाचं हसणं ऐकायचं?

"दादालाच द्या किल्ली," ती म्हणाली.

थोरल्याला तो टोमणा वाटला. बाबा मात्र मान डोलवत कमरेची किल्ली सोडायला लागले. "तुलाही कळलं तर," ते म्हणाले, आणि थोरल्याकडे वळले. "साध्या वाइनचा एक घोट गिळून मला थांबता येतं. पण एखादी अशी असते की घशाखाली गेली, तर तुझ्या आईला दिलेला शब्द संपला. ती थुंकावीच लागते."

त्यांनी किल्ली थोरल्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्याची मूठ मिटली.

"आजवर तशी फक्त हिचीच असायची. आज पहिल्यांदा तुझी निघाली."