बारावी कमान

बाळांनो, समजा, तुम्ही भिंगरीसोबत नदीच्या उंच काठावर उभे होतात. तिचा फोटोग्राफर मामा समोरच्या दीडशे वर्षं जुन्या रेल्वेपुलाचा फोटो काढत होता. ती मध्ये आली, की दर वेळी तरातरा पुढे येऊन तिचा कान पिळत होता. "भिंगरे, पुन्हा मध्ये कडमडलीस तर बघ!"

"अकरा कमानी आल्या, बारावी तेवढी राहिली," म्हणत, कॅमेऱ्याला डोळा लावून मामा मागे मागे सरकू लागला. त्याच्या मागे दोनच पावलांवर काठ तुटलेला होता आणि खाली खोल डोह. भिंगरीला ते दिसलं. हाक मारावी, तर दचकून तो मागेच पडायचा!



भिंगरी धावत कॅमेऱ्यासमोर गेली आणि जीभ काढून मामाला वेडावू लागली.