हलक्या पाण्याची सवय

कोऱ्या चहावर तवंग दिसला आणि ईश्वरीला चूक कळली. फिल्टरच्या जगमधलं पाणी घ्यायचं सोडून तिने केटल थेट नळाखाली धरली होती. जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या त्या घरात असं कुणी करत नसे.

सासूबाईंनी, म्हणजे वीणाताईंनी, कप खिडकीच्या उजेडाकडे धरला. तवंग चमच्याने बाजूला सारला आणि चहा पिऊन टाकला.

"इथलं पाणी फार जड," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या आंघोळीला गेल्यावर त्यांचा मुलगा निहार दबक्या आवाजात खेकसला, "फिल्टर, ईश्वरी, फिल्टर! विसरलीस इतक्यात?"

"वर्ष झालं मला इथून जाऊन. मी राहते त्या कायझर्सलाउटर्नचं पाणी हलकं आहे. मी नळाचंच पिते."

"गेनाऊ! बरोबर! आणि तेच आईला कळायला नकोय."

घटस्फोटाआधी इथल्या कायद्याने नवरा-बायकोने वर्षभर वेगळं राहायचं असतं, ते दोघांचं वर्ष संपत आलं होतं. घरी कुणाला पत्ता नव्हता. हिवाळ्यात आईंची अँजिओप्लास्टी झाली, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. मग आईंनीच मे महिन्यात यायचं ठरवलं. निहारने फोन केला, "आल्झो, हे बघ, फक्त तीन आठवडे ये. तिच्या जिवाला धक्का बसला तर मी स्वतःला माफ करणार नाही."

ईश्वरी आली ती निहारसाठी नाही. थिसिसचं काम अडलं की मिरजेच्या घरातून एकट्या आईच फोन करून "जेवलीस का?" विचारायच्या. त्यांच्यावर तिचा जीव होता. म्हणून तिने प्रयोगशाळेतून रजा घेतली, टूथब्रश, चपला, गाऊन, लग्नाचा फोटो असं सगळं आणून जागच्या जागी मांडलं आणि संसार थाटला.

पण पाणी काही साथ देईना. दोन वर्षांपूर्वी आई आल्या होत्या, तेव्हा त्यांची आणि या पाण्याची चांगलीच जुंपली होती. केटल व्हिनेगरने कशी उकळायची, शॉवरची काच आंघोळ झाल्या झाल्या रबरी वायपरने कशी पुसायची, कपड्यांना साबण किती जास्त घालायचा, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि ईश्वरी? काच तशीच सोडून बाहेर यायची. दुपारपर्यंत काचेवर पांढरे ठिपके. तिच्या हातचे टॉवेल वाळले की पापडासारखे कडक.

आई काही बोलत नव्हत्या. काच पुसायच्या, टॉवेल परत भिजवायच्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ईश्वरीला वाटे.

त्यांचं सामानही भलतंच जड होतं. बॅग जिन्याने वर आणताना निहारची कंबर धरली. आत शाली, लोकरी स्वेटर, रोजचं पोळपाट-लाटणं, वर पितळेची इवलीशी अन्नपूर्णा.

"तीन आठवड्यांसाठी देव कशाला आणलास, आई?" निहार हसला.

"माहेरची आहे. लग्नात माझ्या आईने दिलेली. राहू दे जवळ."

मसाल्यांच्या फळीवर कोपऱ्यात रिकामी जागा होती. तिथे त्यांनी ती ठेवली. रोज सकाळी तिला आंघोळ घालायच्या आणि डाग पडू नयेत म्हणून लगेच कोरडी करायच्या.

बाबांचा, म्हणजे सुधीररावांचा, रोज मिरजेहून फोन यायचा. आज अडकित्ता कुठे, उद्या गीझरचं बटण कुठलं.

"अहो, डाव्या हाताचं," आई शांतपणे सांगायच्या. बाबा लगेच फोन ठेवायचे. निहारला या संसाराचं फार कौतुक. "बघ," तो ईश्वरीला म्हणाला, "तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. अशा बाईला आपलं कसं सांगायचं?"

ईश्वरीला त्याचं म्हणणं पटलं, म्हणून तर तिला जास्तच अपराधी वाटलं.

निहार ऑफिसला गेल्यावर एका सकाळी तिने केटल स्वच्छ करायला घेतली. व्हिनेगरची बाटली काही सापडेना. सिंकखाली पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं, फ्रिजच्या मागेसुद्धा पाहिलं. आई अन्नपूर्णा पुसत उभ्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "खिडकीखालच्या कपाटात. मागच्या खेपेला तूच ठेवली होतीस."

ईश्वरीने कपाट उघडलं. बाटली तिथेच होती.

"कधी गेलीस इथून?" आईंनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ती रडायलाच लागली. "वर्ष झालं. आई, तुम्ही बसा आधी. छातीत दुखत नाही ना? निहार म्हणाला, तुम्हाला सोसायचं नाही. मला पाण्याचं लक्षात राहायला हवं होतं."

"पाण्याचं काय घेऊन बसलीस?" आईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी आले त्याच दिवशी कळलं. या फळीवर तुझी अन्नपूर्णा असायची. जागा रिकामी होती. बाई घर सोडून निघते तेव्हा बाकी सगळं ठेवते, माहेरची अन्नपूर्णा ठेवत नाही."

फोन वाजला. पडद्यावर बाबांचं नाव. आईंनी पाहिलं आणि फोन पालथा घातला.

"अहो आई, घ्या ना. बाबांना काहीतरी सापडत नसेल."

आईंनी अन्नपूर्णा पदराने कोरडी केली आणि फळीवर परत ठेवली.

"अडकित्ता सापडला त्यांना, गीझरही लागला," त्या म्हणाल्या. "देवघरात माझी अन्नपूर्णा नाही, हे मात्र त्यांना अजून दिसलेलं नाही."