बस्पारीच्या दारात मेंढा

ऐन फाटकापाशी मेंढा अडून बसला. शेजारच्या लाल मर्जाननं दोर ओढला, पुचकारलं, शेवटी मागून रेटलं. पण तो मेला हलेल तर शपथ. आणि खरं सांगायचं तर लाल मर्जानचे स्वतःचे पाय तरी कुठे पुढे पडत होते!

आत अंगणात बस्पारी अक्रोड फोडत बसली होती. अख्खं गाव तिला 'अदे' म्हणायचं, म्हणजे आई. तिचं स्वतःचं असं एकच पोर होतं, झरवली. सात वर्षांपूर्वी भर दुपारी ड्रोनमधून बॉम्ब पडला आणि बाहेरच्या बैठकीसकट तो गेला. त्याच्यासोबत एक पाहुणा गेला. पाहुणा बंदूकवाल्यांचा कुणी बडा म्होरक्या होता, असं मागाहून रेडिओवर सांगितलं. झरवलीचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

तेव्हापासून बस्पारीनं फाटकाला कडी घातली नव्हती. वझिरिस्तानातला रिवाजच तसा. ज्याच्या हातून घात झाला त्यानं मेंढा घेऊन दारात यायचं, मान खाली घालून कबूल करायचं. मग घरच्यांनी माफ करायचं. "ज्यानं केलं तो येईल," ती म्हणायची. विहिरीवरच्या बायका चिडवायच्या, "अगं अदे, तो काय साता समुद्रापलीकडून मेंढा ओढत आणणार आहे?" म्हातारीही काही कमी नव्हती. "मेंढा इथलाच घेईल की! बाजार कुठे पळून चाललाय?"

सगळ्या हसायच्या. लाल मर्जानच्या कानावर हे पडलं, की तो मात्र वाट बदलायचा.

कारण पाहुणा आधी त्याच्या दारात आला होता. आलेल्याला नाही म्हणणं म्हणजे सात पिढ्यांना काळिमा. लाल मर्जाननं चेहरा ओळखला. घरात चार कच्चीबच्ची, आणि आभाळात सकाळपासून ती मेली ड्रोनची घरघर. तो नाही म्हणाला नाही. नुसता हात दाखवून म्हणाला, "पलीकडे झरवलीची बैठक मोठी आहे. तिथं आराम पडेल." एवढंच काय ते बोलला होता.

"कोण आहे रे?" आतून बस्पारीनं हाक दिली. "मेंढ्याशीच भांडणार आहेस की आत येणार आहेस?"

तो आत आला. पागोटं काढून तिच्या पायांशी ठेवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता ढसाढसा रडला. बस्पारीनं हातातला दगड खाली ठेवला.

"ऊठ. पागोटं घाल डोक्यावर."

"आधी माफ कर, अदे."

"अरे वेड्या, मला तेव्हाच ठाऊक होतं. चहा न्यायला आत आला तेव्हा झरवलीनंच सांगितलं. म्हणाला, लाल मर्जाननं ओळखलंय आणि आपल्याकडे पिटाळलंय. मी म्हटलं, तूही घालव की. तर म्हणतो कसा, त्याच्याकडे लेकरं आहेत गं, असू दे. त्यानंच तुला माफ केलं, तिथं मी कोण रे बापडी?"

लाल मर्जाननं पागोटं उचललं. सात वर्षं हिला चुकवण्यासाठी तो लांबच्या वाटेनं शेतावर जात होता.

"मग हे फाटक, अदे? तू तर माझीच वाट बघत होतीस ना?"

"तुझी कशाला बघू? तू तर रोज दिसतोस." तिनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. आभाळ निळं, रिकामं होतं. "त्या साता समुद्रापलीकडच्याची बघते. वरून बघत होता ना तो? मी इथं तंदूरवर रोट्या लावत होते, पाठ होती माझी. माझ्या पोराला शेवटचं त्यानंच बघितलं. तो आला की मला एवढंच विचारायचंय, तेव्हा माझा झरवली हसत होता का?"